नॉट्स, युनिव्हर्सल की डिस्नी? हॅलोवीनची एकच रात्र हाताशी असेल तर

दक्षिण कॅलिफोर्नियात ऑक्टोबरात पाहुणे म्हणून येणाऱ्यांपुढे आणि इथेच राहून ‘यंदा तरी जायचंच’ असं दरवर्षी घोकणाऱ्यांपुढे पेच एकच असतो. हॅलोवीनची तीन मोठी ठिकाणं इथे एका दमात गाठता येतील इतकी जवळ आहेत: ब्युएना पार्कला ‘नॉट्स स्केअरी फार्म’, हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ आणि ॲनाहाइमला डिस्नी. चौघांचं कुटुंब घेऊन तिन्हीकडे जायचं म्हटलं तर भुतांच्या आधी बिलच मानगुटीवर बसेल. त्यामुळे निवडावं लागतं. मी नॉट्सच्या बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना तेवढं तिखटमीठ वजा करून घ्या.

निवडण्याआधी स्वतःला एक विचारा. तुम्हाला दचकायचंय, सिनेमाच्या आत शिरायचंय, की पोराबाळांसकट सणाची मजा घ्यायचीय? तिन्ही ठिकाणी सांगाडे, भोपळे आणि धूर आहेच. तरी घरी येताना मन जिथे रेंगाळतं ते ठिकाण प्रत्येकाचं वेगळं असतं.

नॉट्सपासून सुरू करतो, कारण ही सगळी परंपरा तिथूनच सुरू झाली. मूळचा हा बेरीचा मळा. १९३४ मध्ये वॉल्टर नॉट यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी तिथे तळलेल्या चिकनचं जेवण विकायला सुरुवात केली. रांगा इतक्या वाढल्या, की ताटकळणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी १९४० मध्ये नॉट यांनी शेजारी ‘घोस्ट टाउन’ उभारायला घेतलं. सोन्याचांदीच्या खाणी आटल्यावर ओस पडलेल्या गावांसारखं एक गाव. त्यातल्या काही इमारती तर खऱ्या उजाड गावांतून उचलून आणलेल्या. १९७३ च्या ऑक्टोबरात तीन रात्री या गावात धूर सोडून, सोंगं नाचवून बघितलं आणि लोक तुटून पडले. अमेरिकेतल्या थीम पार्कमध्ये रात्रीच्या हॅलोवीनची जी लाट पुढे आली, तिची सुरुवात हीच मानली जाते.

माझा पक्षपात इथूनच सुरू होतो. बाकी ठिकाणी भीतीचे सेट उभे करतात आणि नोव्हेंबरात उतरवतात. नॉट्सचं गाव बारा महिने तिथेच असतं. तोच लोहार, तीच शाळा, तीच लाकडी दुकानं. दुपारी तुम्ही तिथे बेरीचा ‘पाय’, म्हणजे फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, खाऊन गेलेले असता आणि संध्याकाळी सातनंतर त्याच गल्लीत पाच फुटांपलीकडचं दिसत नाही. ओळखीची जागा अनोळखी झाली की मनुष्य जास्त घाबरतो. त्याला सेट लागत नाही.

त्यात ते ‘स्लायडर’. हे नॉट्सचं खास देणं. आता जगभरच्या पार्कांनी उचललंय. गुडघ्यांवर जाड पॅड, त्यावर धातूची पट्टी, हातमोज्यांच्या बोटांनाही धातू. सोंग धुरातून पळत येतं, गुडघ्यांवर झोकून देतं आणि डांबरावरून घसरत तुमच्या बुटांपाशी येऊन थांबतं. दिसण्याआधी ऐकू येतं: आधी खरखर, मग पाट्यावर कोयता घासावा तसा आवाज, आणि मग अंधारात जमिनीलगत ठिणग्यांची रेघ. ठिणग्या दिसल्या त्या क्षणी उशीर झालेला असतो. एकदा मी मुद्दाम बाकावर बसून यांचं काम बघत होतो. चौघांचा घोळका येताना दिसला की ते हसणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. जो मधोमध चालतोय, ज्याने दुसऱ्याची बाही धरलीय, त्याला हेरतात. आणि त्याच्या समोरून येत नाहीत. बरोबरचे सगळे समोर बघत असताना बाजूने येतात. अंगाला कोणी हात लावत नाही, तसा नियमच आहे. पण कानाशी नुसता श्वास सोडायला नियम आड येत नाही.

जुन्या मंडळींकडे नॉट्सच्या आठवणी पोत्याने सापडतील. १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं तिथे एल्व्हायराचा, म्हणजे टीव्हीवर भयपट सादर करणाऱ्या बाईचा, खेळ व्हायचा. काळा झगा, डोंगराएवढा केसांचा बुचडा आणि प्रत्येक वाक्यात चावटपणा. २०१७ मध्ये तिने शेवटचा हंगाम केला तेव्हा पन्नाशीतले बाप्ये डोळे पुसत होते. ‘द हँगिंग’ नावाचा खेळही होता: वर्षभरातल्या बातम्यांची आणि नटनट्यांची मनसोक्त टर उडवायची आणि शेवटी एकाला फासावर चढवायचं. आपल्याकडच्या वगनाट्यातल्या बतावणीची सवय असलेल्या माणसाला तो लगेच कळायचा. हिरवी चेटकीण मात्र १९८० च्या दशकापासून आजवर गावात फिरते आणि तिच्याबरोबर फोटो काढायला आजीपासून नातवापर्यंत सगळे रांगेत. इथे येणारी निम्मी माणसं स्वतःच्या लहानपणाला भेटायला आलेली असतात, असं मला नेहमी वाटतं.

खोटही सांगतो. नॉट्सचे मेझ, म्हणजे आत चालत जायची भुताटकीची घरं, एकसारख्या दर्जाची नसतात. एखादं अफलातून, एखादं निव्वळ काळं कापड आणि लुकलुकते दिवे. घर हाच तुमचा निकष असेल तर युनिव्हर्सल इथे निर्विवाद पुढे आहे. दुसरं म्हणजे धूर. दम्याचा त्रास असणाऱ्याला मी घोस्ट टाउनमध्ये नेणार नाही.

युनिव्हर्सलकडे वारसा आहे, तोही भक्कम. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन हे दोन्ही बोलपट १९३१ मध्ये याच स्टुडिओने काढले. पार्कातल्या हॅलोवीनचा त्यांचा जम आधी फ्लोरिडात बसला, १९९१ पासून. हॉलिवूडला मध्ये बरीच धरसोड झाली आणि २००६ पासून, कोविडचं २०२० साल सोडलं तर, दरवर्षी होतं. इथली घरं बहुतेक गाजलेल्या चित्रपटांवर नाहीतर मालिकांवर बेतलेली असतात आणि काम असं चोख, की भिंतीवरचा ओलावासुद्धा खरा वाटावा. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघून वाढलेल्या मुलाला त्या घरात सोडलं की तो घाबरायचं विसरून, ‘बाबा, हे त्या भागातलं!’ असं ओरडत सुटतो. हा आनंद नॉट्स देऊ शकत नाही.

अडचण रांगेची. शनिवारी एकेका घरासाठी तासभर सहज जातो, कधी त्याहून जास्त. आत गेल्यावरही रांग तुटत नाही. सणासुदीला सिद्धिविनायकाच्या दर्शनबारीत मागचा ढकलतो आणि पुढचा पुजारी ‘चला, चला’ करतो तशी गत. तुमच्या पुढची बाई किंचाळली की तुम्हाला कळतं, डावीकडून काहीतरी येणार आहे. तुम्ही पोचता तोवर ते सोंग पडद्यामागे परत जात असतं. यावर युनिव्हर्सलचा उतारा म्हणजे एक्सप्रेस तिकीट. त्याने वेळ वाचतो, पण खर्च दुपटीच्या वर जाऊ शकतो.

तरी ‘टेरर ट्राम’साठी मी युनिव्हर्सलला पुन्हा जाईन. दिवसा जी ट्राम स्टुडिओ दाखवते, तीच रात्री तुम्हाला मागच्या आवारात उतरवून देते आणि पुढे पायी जायचं. टेकाडावर हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’मधलं घर आणि जवळच ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’साठी आणलेल्या बोइंग ७४७ चा चिरफाळलेला सांगाडा. ते विमान खरं आहे, तुकडे करून इथे पसरलंय. अंधारात त्याच्या पोटाशेजारून चालताना सोंगं नसती तरी चाललं असतं.

पाहुण्यांसाठी युनिव्हर्सलचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे मेट्रो. बी लाइनचं स्टेशन पार्कच्या पायथ्याशी आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतून थेट जाता येतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता, तेवढं निघण्याआधी बघून ठेवा. नॉट्सला गाडीवाचून जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

डिस्नीत भीती शोधायला जाऊ नये. तिथे हॅलोवीन म्हणजे मेन स्ट्रीटवरचा मिकीच्या तोंडाचा भलामोठा भोपळा, दालचिनीचा वास आणि ‘हॉन्टेड मॅन्शन’. हे मॅन्शन कारागिरीसाठी एकदा तरी बघावंच. वाडा बाहेरून १९६३ मध्येच बांधून तयार होता, आत शिरायला मात्र १९६९ चा ऑगस्ट उजाडला. सुरुवातीच्या खोलीत भिंती लांब होत जातात असं वाटतं. खरं तर तुम्ही लिफ्टमधून खाली जात असता, कारण मुख्य खेळ पार्कच्या रेल्वे रुळांपलीकडे आहे आणि तिथे जमिनीखालून न्यावं लागतं. मेजवानीच्या दालनात जी पारदर्शक भुतं नाचतात, ती म्हणजे प्रचंड काचेवर पडलेली प्रतिबिंबं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर गाजलेली युक्ती, आजही जशीच्या तशी चालते.

पण इथे एक मेख आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. २००१ पासून हंगामात या मॅन्शनवर ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या चित्रपटाचा साज चढवतात, तो थेट नाताळ उलटेपर्यंत राहतो. म्हणजे मूळ मॅन्शन बघायचं असेल तर हॅलोवीनच्या हंगामापासून नाताळ उलटेपर्यंतचे दिवस सोडून जा! साजही सुंदर आहे, जिंजरब्रेडचं घर तर दरवर्षी नवं करतात. तरी पहिल्यांदा येणाऱ्याला मी आधी मूळ रूप बघ असंच सांगेन.

मॅन्शन दिवसाच्या तिकिटात येतं. वेगळ्या पैशांची पार्टी शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या डिस्नीच्याच दुसऱ्या पार्कमध्ये असते, ‘ऊगी बूगी बॅश’. २०१९ पासून सुरू झाली. मुलं पिशव्या घेऊन फिरतात, डिस्नीचे खलनायक भेटतात, गप्पा मारतात आणि चॉकलेटं मिळतात. तिकीट माणशी १३० डॉलरच्या पुढे आणि तेही उन्हाळ्यातच संपतं. महाग आहे, पण तिघांमध्ये मोठ्यांनाही सोंग घेऊन जाता येतं ते फक्त इथेच. नॉट्स आणि युनिव्हर्सल दोन्हीकडे वेष आणि मुखवट्यांना बंदी आहे, सोंग कोण आणि गिऱ्हाईक कोण ते कळायला हवं ना. हौसेने साडी-मळवट करून चेटकीण व्हायचं ठरवलं असेल तर डिस्नी गाठा.

वयाचा हिशेब सोपा आहे. नॉट्स आणि युनिव्हर्सल दोघंही तेरा वर्षांखालच्या मुलांना रात्री आणू नका म्हणतात, आणि ते ऐकावं. नॉट्सला पंधरा किंवा त्याहून लहान मुलांबरोबर एकवीस पूर्ण झालेलं मोठं माणूस लागतं. दहाच्या आतली मुलं असतील तर डिस्नी. किंवा खिशाला झेपेल असं हवं असेल तर नॉट्सचं दिवसाचं ‘स्पूकी फार्म’, जे रोजच्या तिकिटातच येतं. भारतातून आलेल्या आईबाबांनाही मी तिथेच नेतो. त्यांना घोस्ट टाउन आवडतं, १९६० ची कॅलिको खाणीची गाडी आवडते आणि बॉयझनबेरीचा पाय तर फारच. त्या फळाची लागवड नॉट यांनीच वाचवली आणि वाढवली, त्यामुळे पाय इथलाच खावा. शाकाहारी मंडळींची जेवणाची सोय मात्र तिन्हीकडे बेताचीच आहे. नॉट्सला जाणार असाल तर थोड्या अंतरावर आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड आहे. डोसा नाहीतर चाट हाणून मग भुतांकडे वळावं. हाही नॉट्सच्या पारड्यातला एक गुण, मी तो धरतोच.

आता खुद्द ३१ ऑक्टोबर. त्या रात्री यांपैकी कुठेही जाऊ नका. ती रात्र गल्लीची. कुणाच्या तरी घरी, जिथे मुलं दारोदार फिरतात अशा वस्तीत, अंधार पडता पडता जाऊन बसा. ओटीवरचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे पुढे जा. दारात निळसर-हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी छोटी खेळणीही मिळतात, कशाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ला आली होती. आमच्या गल्लीत सकाळी उटणं लावून न्हालेली पोरं संध्याकाळी सांगाडे होऊन हिंडत होती, आणि एका दारी चॉकलेटच्या परातीशेजारी शंकरपाळ्यांचा डबा होता. परातीच्या आधी डबा रिकामा झाला.

मग ती एक रात्र? सप्टेंबरअखेरचा किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीचा गुरुवार नाहीतर रविवार मिळत असेल आणि घरातले सगळे तेराच्या वरचे असतील, तर नॉट्स. बंद बूट घाला, आधी घोस्ट टाउनमध्ये नुसते फिरा, मेझ नंतर, आणि घोस्टरायडर हा लाकडी रोलर कोस्टर सगळ्यात शेवटी. घरात सिनेमावेडा कॉलेजकुमार असेल किंवा गाडी नसेल, तर युनिव्हर्सल. आणि ऑक्टोबरातल्या शनिवारशिवाय दुसरा वार जमतच नसेल, तर एक्सप्रेसचे पैसे मोजायची तयारी ठेवून युनिव्हर्सलच घ्या. नॉट्सला त्या दिवशी धुरापेक्षा माणसं जास्त असतात.