ट्रॅक डेसाठी छोटी हॅचबॅक: रोजचीच गाडी तयार करायची की जुनी वेगळी घ्यायची?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, की घरी एक छोटी हॅचबॅक आहे, ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी जोरात चालवायच्या दिवसाला, जायची जाम इच्छा आहे, तर हीच गाडी थोडीफार तयार करू का एखादी जुनी, स्वस्त गाडी घेऊन ती फक्त ट्रॅकसाठीच ठेवू. मी दोन्ही करून बघितलंय, चार वर्षं रोजचीच गाडी नेली आणि आता वेगळी आहे, त्यामुळे दोन्हीकडचं जे काही कळलंय ते एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी इंजिन, कारण विचारणाऱ्यांची सुरुवात नेहमी तिथूनच होते. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला नवा एअर फिल्टर आणि सायलेन्सर लावला की आवाज भरपूर वाढतो आणि ताकद जेमतेम काही हॉर्सपॉवर वाढते. टर्बो असेल तर रिमॅपने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, खरंच फरक पडतो, पण मग क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनचं तापमान या तिन्हीवर ताण येतो, आणि सरळ रस्त्यावर जो वेग जास्त मिळाला तो पुढच्या वळणाला त्याच जुन्या ब्रेकने उतरवायचा असतो. म्हणून गाडी रोजची असो नाहीतर वेगळी, पहिले पैसे इंजिनात घालू नका, याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

आता ब्रेक. दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने इथेच फुटतात म्हणून इथे जरा थांबतो. साधा हिशोब बघा, माणसासकट 1000 किलोची गाडी 150 च्या वेगावरून 60 वर आणायची तर साधारण 730 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, म्हणजे दोन लिटर गार पाणी उकळायला लागते तेवढी उष्णता, आणि ही तीन-एक सेकंदांत, त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये. परत थोड्या वेळात पुढचं वळण, परत तेच, असं एका सेशनला, म्हणजे ट्रॅकवर सलग चालवायच्या एका पाळीला, वीस मिनिटं. शहरात आपण कितीही घाईत चालवली तरी ब्रेकला असा मार कधी बसत नाही, म्हणून रस्त्यावर एकदम चोख वाटणारे ब्रेक ट्रॅकवर चौथ्या लॅपला, म्हणजे चौथ्या फेरीला, हात वर करतात.

माझ्या बाबतीत हे दुसऱ्याच ट्रॅक डेला झालं. लांब सरळ पट्टा संपला, मी पेडलवर पाय दिला आणि पेडल मऊ लागून जवळजवळ तळाला गेलं, पोटात धस्स झालं, दोनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला आणि गाडी ट्रॅकच्या बाहेर खडीत जाऊन थांबली. गाडीला काही झालं नाही. नंतर बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक ऑइल गडद तपकिरी, तीन वर्षं बदललेलंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट 4 (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) च्या नव्या ऑइलचा उकळबिंदू निदान 230 अंश असावा लागतो, तेच पाणी मुरल्यावर 155 अंश पुरेसा धरला जातो. डॉट 5.1 ला हेच आकडे 260 आणि 180. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) दाबायच्या ऐवजी वाफ दाबत बसतो. एक लक्षात ठेवा, पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळलं आणि पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही तर पॅड तापून गेलेत. दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

ऑइलचा इलाज दोन्ही गाड्यांना सारखाच, ताजं आणि चांगलं ऑइल, ट्रॅकच्या आधी बदललेलं. (फक्त डॉट 5, म्हणजे सिलिकॉनवालं, त्याचं नाव सारखं असलं तरी ते वेगळं प्रकरण आहे, ते यात मिसळू नका.) पॅडचं तसं नाही. रस्त्याचा पॅड सकाळी गार असतानाही पहिल्याच दाबाला पकडतो, पण खूप तापला की सोडून देतो. ट्रॅकचा पक्का पॅड तापल्यावर मस्त चालतो पण गार असताना पकड कमी, वर किंचाळतो, चाकं काळी करतो आणि डिस्क खातो. रोजच्या गाडीला असला पॅड लावून सकाळी पहिल्याच सिग्नलला समोर कुणी आडवं आलं तर काय होईल याचा विचार करा. त्यामुळे रोजच्या गाडीला मधला पॅड, म्हणजे जोरात चालवायला पण रस्त्यासाठीच बनवलेला, हाच बरोबर, आणि मग सेशन छोटं ठेवायचं, पाच-सहा लॅप जोरात की एक लॅप निवांत. वेगळ्या गाडीला सरळ ट्रॅकचे पॅड लावा आणि विसरून जा. काही जण रोजच्या गाडीला ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदलतात आणि निघताना परत जुने लावतात, मीही एक वर्ष केलं, काम अवघड नाहीये, पण दोन वेगळे पॅड एकाच डिस्कवर आपापला थर बसवतात आणि मग हायवेवर हलका ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. शेवटी कंटाळून सोडलं.

टायरच्या बाबतीत मात्र रोजची गाडी जवळजवळ बरोबरीला येते, कारण चाकं बदलता येतात. टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा, रोजच्या टायरला 300-400 किंवा वर, ट्रॅकला चालणाऱ्या चिकट टायरला 200 च्या आसपास. चार जास्तीच्या रिम घेऊन त्यावर चिकट टायर चढवून ठेवायचे, मागचा बाक पाडला की 14-15 इंची चारही चाकं छोट्या हॅचबॅकमध्ये बसतात, सोबत जॅक आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना). पहिल्या सेशननंतर चाकांचे नट परत एकदा टॉर्क रेंचने बघा, हे चुकवू नका. पण पहिल्या एक-दोन ट्रॅक डेला चिकट टायर नकोच असं माझं मत, साधा टायर आधी ओरडतो, हळूहळू घसरतो, आपल्याला शिकवतो. आणि हवा. घरून गार टायरमध्ये 32 पीएसआय भरून गेलात आणि टायरमधली हवा 20 अंशांवरून 60 वर गेली तर तेच 38 होतात, टायर फुगतो, पकड जाते, आणि माणूस म्हणतो सस्पेन्शन बदलायला हवं. सेशन संपल्या संपल्या गरम टायरची हवा मोजून थोडी कमी करा. घरी निघताना टायर गार झाले की परत भरा.

सस्पेन्शनला वेगळ्या गाडीची बाजू सरळसरळ जड आहे. या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे बहुतेक वेळा टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), त्यामुळे वळणात नाक बाहेर जातं आणि पुढच्या बाहेरच्या टायरची कड अक्षरशः सोलून निघते. माझ्या पहिल्या टायरचं असं झालं होतं की मधली नक्षी नव्यासारखी आणि बाहेरच्या कडेला बोट फिरवलं तर रबराच्या वळ्या हाताला लागत होत्या. यावर औषध म्हणजे पुढे निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, ट्रॅकला अडीच-तीन अंश. वेगळ्या गाडीला ते बिनधास्त करता येतं, मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) टाकून नाक आत वळवता येतं. रोजच्या गाडीला एवढा कॅम्बर ठेवला तर सरळ रस्त्यावर टायर आतून झिजतो, सोबत टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) चुकलेला असेल तर फारच लवकर, म्हणून तिथे दीड अंशापर्यंत थांबा आणि शॉकअप ढिले पडले असतील तर आधी ते बदला. नवीन साधे शॉकअप लावले तरी जुनी गाडी दुसरीच वाटते. कमी उंचीच्या स्प्रिंग लावून गाडी जमिनीला टेकवण्याच्या नादाला मात्र दोन्हीकडे लागू नका, चाकाला धरणारे खालचे आर्म उलटे वर चढले की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, खाली जातं आणि गाडी कमी झुकायच्या ऐवजी जास्त झुकायला बघते.

आता वजन आणि सुरक्षितता, आणि इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय. रोजच्या गाडीतून स्टेपनी, जॅक, डिक्कीतलं सामान काढा, तेवढं फुकटात होतं आणि संध्याकाळी परत ठेवता येतं. वेगळ्या गाडीत मागचा बाक, कार्पेट, आतलं पॅनेलिंग सगळं काढता येतं, आणि 950 किलोच्या गाडीतून 50 किलो गेले म्हणजे पाच टक्के गेले, त्याचा फायदा ब्रेकला, टायरला, पिकअपला, सगळ्यालाच. पण आतला पत्रा उघडा पडला की पुढचा विचार येतो तो रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) आणि हार्नेसचा (दोन्ही खांद्यांवरून आवळायचे रेसिंगचे पट्टे), आणि अर्धवट काम करणारे इथेच फसतात. केज असलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवू नका, साध्या धक्क्यालाही डोकं त्या पाइपवर आपटू शकतं. आणि केज नसताना हार्नेस लावला तर गाडी उलटून छत दबल्यावर तुम्ही ताठ बांधलेले असता, बाजूला कलता येत नाही. फोर पॉइंट पट्ट्यात माणूस खालून सरकतो हा आणखी एक धोका. म्हणून एकतर सगळं करा, म्हणजे केज, बकेट सीट, सहा पॉइंट हार्नेस आणि मानेचं रिस्ट्रेंट (धडकेत मानेला झटका बसू नये म्हणून), नाहीतर कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग जसे आहेत तसे ठेवा, त्यांची रचना एकमेकांच्या भरवशावर केलेली असते. रोजच्या गाडीला दुसराच पर्याय. हेल्मेट गाडीसाठीचं घ्या, स्नेल या संस्थेच्या एसए मार्कचं, त्याच्या आतलं अस्तर आगीला टिकेल असं तपासलेलं असतं, मोटरसायकलच्या हेल्मेटला ती चाचणी नसते.

इंजिन ऑइलचं दोन्हीकडे सारखंच, पातळी वरच्या खुणेला ठेवा, लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि ते ओढून घेणाऱ्या नळीत हवा शिरते.

मग वेगळीच घ्यायची का? ट्रॅकसाठी जुन्या गाड्यांत लोकांच्या आवडीची नावं म्हणजे सित्रोएन साक्सो व्हीटीएस, रेनॉ क्लिओ 182, सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, पण खरं सांगायचं तर नावापेक्षा पत्रा बघा, सिल (दारांखालचा पत्रा) आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय तिथे गंज असेल तर सोडून द्या, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. आणि मुख्य गोष्ट, ती ट्रॅकपर्यंत नेणार कशी? ट्रेलर नसेल तर ती गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच आणायची, म्हणजे केज नाही, पक्के पॅड नाहीत, विमा-कागदपत्रं सगळी चालू, आणि वर तिला उभी करायला जागा. असं असेल तर ती ट्रॅकची गाडी नाहीच, ती तुमची दुसरी रोजची गाडी झाली, आणि मग वर लिहिलेले वेगळ्या गाडीचे निम्मे फायदे गेले. हे मला गाडी घेतल्यावर कळलं, पहिलं वर्षभर मी ट्रेलरशिवाय होतो आणि गाडी ना इकडची ना तिकडची अशी होती.

माझा हिशोब असा आहे. वर्षाला दोन-तीन वेळा जाणार असाल तर रोजचीच गाडी, मधले पॅड, ताजं ब्रेक ऑइल, जमलं तर जास्तीची चाकं. महिन्या-दोन महिन्याला जाणार असाल, जागा आणि ट्रेलरची सोय असेल तर वेगळी. आणि रविवारी गाडी भिंतीला लागली तर सोमवारी कामाला कसं जायचं याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर वर्षाला एकदाच जात असलात तरी रोजची नेऊ नका, कारण साधा विमा बहुतेक वेळा ट्रॅकवरचं नुकसान धरत नाही, पॉलिसी काढून ते वाक्य स्वतः वाचा. वेगळी घेणं आत्ता जमत नसेल तर कुणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून एक दिवस काढा किंवा ट्रॅकवर भाड्याने गाडी मिळत असेल तर ती घ्या.

परवा ज्याने विचारलं त्याच्याकडे घरात एकच गाडी आहे आणि तीच मुलांना शाळेत सोडायला लागते. त्याला मी थांब म्हणालो. दुसऱ्या एकाकडे दोन गाड्या आहेत, त्याला जुनी आहे तशीच घेऊन ये म्हणालो, फक्त ब्रेक ऑइल आणि पॅड बदलून, आणि सेशन संपल्यावर गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नको, गाडी गिअरमध्ये टाक आणि चाकाला दगड लाव. तो पुढच्या महिन्यात येतोय.