रॉस बेटाला सव्वा तास पुरत नाही : अंदमानच्या एका दिवसाच्या बोट-सफरीबद्दल

पोर्ट ब्लेअरहून निघणारी बेटांची एका दिवसाची सफर जरूर करा. फक्त एजंट हातात ठेवेल त्या वेळापत्रकाने करू नका. आम्ही तशी केली आणि मग दोन दिवसांनी अर्धी सफर पुन्हा स्वतःच्या हिशेबाने केली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी औशाची. नोकरीने परिचारिका. जानेवारीच्या शेवटी मी, माझे मिस्टर आणि माझे वडील असे तिघं गेलो होतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय बहात्तर, सगळं आयुष्य गवंडीकाम. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धनेगावचं मांजरा धरण आणि पैठणचा नाथसागर. समुद्र एकदा दाखवायचा हे माझ्या मनात कधीचं होतं. औशाहून रात्रीच्या बसने हैदराबाद आणि तिथून सकाळचं विमान, हा आपल्या भागातल्या लोकांना सोयीचा रस्ता. नावांचा घोळ होऊ नये म्हणून सांगते, पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आणि रॉस बेट २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. तिकिटावर नवी नावं दिसतील. जेट्टीवरचे लोक अजून जुनीच बोलतात, मीही इथे तीच वापरते.

बोटी सुटतात अबर्डीन जेट्टीवरून, सेल्युलर जेलच्या खालच्या बाजूला. साडेआठला या म्हणाले, बोट सुटली साडेनऊला. तासभर उन्हात रांग, आणि बसायला जागा फार थोडी. म्हातारं माणूस सोबत असेल तर टोपी, पाणी आणि घडीचं स्टूल घ्या. बोटीचं तिकीट आम्हाला माणशी हजाराच्या आत पडलं. रॉसचा प्रवेश त्यात नव्हता आणि नॉर्थ बेवरच्या प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे होते. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली आणि पट्टे लावल्याशिवाय दोर सोडला नाही, हे मला फार बरं वाटलं. अण्णांच्या जॅकेटचा एक पट्टा तुटका होता. सांगितल्यावर खलाशाने कुरकुर न करता बदलून दिलं. बोटीत चढताना मधे फळी असते आणि ती हलते. गुडघ्याचा त्रास असणाऱ्याने लाजू नये, खलाशाला हात मागावा. ते सवयीने देतात.

बोटीचा गाईड पंचविशीचा पोरगा, तिथलाच. अंदमानात ‘प्री-४२’ असा शब्द आहे. १९४२ मध्ये जपानी आले, त्याच्या आधीपासून ज्यांची घरं तिथे आहेत ते प्री-४२. याच्या पणजोबांच्याही आधीचं कोणीतरी कैदी म्हणून जहाजातून आलेलं. हे तो अगदी सहज सांगत होता, आपण आपलं गाव कोणतं ते सांगतो तसं. त्याची हिंदी अण्णांना समजत होती आणि अण्णांची दखनी त्याला. दिवसभर त्याने अण्णांना ‘बाबूजी’ म्हटलं, चढता-उतरताना दंड धरला. या सफरीचे पूर्ण गुण कोणाला द्यायचे झाले तर ते मी या पोराला देईन.

आमच्या कागदावर तीन बेटं होती, नॉर्थ बे, रॉस आणि व्हायपर. जेट्टीवर गेल्यावर कळलं, व्हायपरला बोट जाणार नाही. एजंटला फोन केला तर म्हणाला, ते रोजचंच आहे. रोजचंच आहे तर कागदावर तीन का लिहिलीत? पैसे परत मिळाले नाहीत. व्हायपर बघायचंच असेल तर आदल्या दिवशी स्वतः जेट्टीवर जाऊन विचारा. मला त्याची हळहळ यासाठी वाटली की शेर अलीला तिथे फाशी झाली. ८ फेब्रुवारी १८७२ ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला सुऱ्याने मारणारा हा कैदी. तो हल्ला झाला होपटाउनला, समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी. गाईडने बोटीतून हात करून ती बाजू दाखवली. बोट तिकडे वळली नाही.

नॉर्थ बे पहिलं. वाटेत गाईडने जुनी लालसर वीस रुपयांची नोट काढली. तिच्या मागच्या बाजूला नारळाची झाडं, समुद्र आणि दीपस्तंभ आहे, तो हाच नॉर्थ बे. एक लक्षात ठेवा, नोटेवरचा देखावा बोटीतून तसा दिसत नाही. तो माउंट हॅरिएटच्या डोंगरावरून घेतलेला आहे (त्याचं नाव आता माउंट मणिपूर). सगळे नोट धरून फोटो काढत असताना अण्णांनी कोपरीच्या खिशातून नवी वीसची नोट काढली, २०१९ नंतरची हिरवट-पिवळी, आणि गाईडपुढे धरली. “ये हमारा. वेरूळ.” पोराने नोट उलटीसुलटी करून पाहिली. इतके दिवस हातातून गेली पण ही लेणी कुठली ते माहीत नव्हतं, म्हणाला. मग अण्णांनी त्याला कैलास लेणं वरून खाली कसं कोरत आणलं ते हाताने हवेत कापून दाखवलं. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत ते चाललं होतं.

नॉर्थ बेवर आम्हाला तीन तास ठेवलं. तीन तासांचं तिथे काही नाही. उतरल्याबरोबर तंबूतून हाका सुरू होतात, स्कूबा, सी-वॉक (समुद्राच्या तळावर चालणं), स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं), जेट-स्की, काचेच्या तळाची बोट. आम्ही काचेची बोट घेतली. किनाऱ्याजवळचं प्रवाळ बरंचसं करडं आणि मोडकं आहे. २०१० मध्ये पाणी तापून अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, ते सावरायला वर्षानुवर्षं लागतात. त्यात माणसांचे पाय. जरा आत गेल्यावर मात्र मेंदूसारख्या वळ्यांचं एक मोठं गोल प्रवाळ दिसलं आणि त्याभोवती निळ्या माशांचा थवा. अण्णा काचेवर ओणवे झाले ते उठेनात. प्रवाळ हे किड्याएवढ्या जिवांनी थरावर थर चढवून बांधलेलं घर असतं, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग हे बी गवंडीच की.”

इथे एक गोष्ट मला नोकरीमुळे खटकली, ती लिहिलीच पाहिजे. मिस्टरांना सी-वॉक करायचा होता. एका तंबूवाल्याने फॉर्म पुढे केला आणि ‘सगळ्यावर नाही लिहा’ म्हणाला. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, फॉर्मवर हे सगळं विचारलेलं होतं. मिस्टरांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. पाण्याखाली कानांवर आणि छातीवर दाब येतो, त्या प्रश्नांना अर्थ आहे. आम्ही नाही म्हणून निघालो. शेजारच्या तंबूतल्या माणसाने मात्र गोळीचं ऐकून स्वतःच सांगितलं, तुम्ही नका करू. म्हणजे नीट वागणारेही आहेत. फॉर्म खरा भरा आणि घाई करणाऱ्याला सोडून द्या. शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलून पिशवीत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

जेवण आम्ही सोबत नेलं होतं, धपाटे आणि शेंगाची चटणी. शुद्ध शाकाहारी असाल तर तुम्हीही न्या. तिथे मिळालं ते महाग आणि गार होतं.

दुपारी एकच्या पुढे रॉसला पोचलो. “सव्वा तास,” गाईड म्हणाला, आणि त्याचंच तोंड उतरलं होतं.

रॉस म्हणजे जेमतेम एक डोंगरकडा, पोर्ट ब्लेअरच्या अगदी समोर. १८५८ च्या मार्चमध्ये डॉक्टर वॉकर नावाचा इंग्रज अधिकारी दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला. सत्तावनच्या उठावानंतरची ही पहिली तुकडी. त्यानंतर कैद्यांकडून जंगल तोडवून या बेटावर इंग्रजांनी आपलं राजधानीचं गाव वसवलं. चर्च, बेकरी, छापखाना, क्लब, पोहण्याचा तलाव, चीफ कमिशनरचा बंगला. ऐंशीएक वर्षं सगळ्या अंदमानचा कारभार इथून चालला. मग २६ जून १९४१ ला भूकंप झाला. कारभार पोर्ट ब्लेअरला गेला, मार्च १९४२ मध्ये जपानी उतरले आणि हे गाव पुन्हा कधी भरलं नाही.

भूकंप म्हटल्यावर अण्णा थांबले.

आमचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती बोळवून लोक झोपलेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझी आजी आणि आत्या माळवदाखाली गेल्या. आमच्याकडच्या भिंती दोन पदरी, दगड आणि माती, दोन्ही पदर आरपार जोडणारा दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा तो भार. भिंतीचे पदर फुटून बाजूला झाले आणि माळवद खाली आलं. पुढे बावन्न गावं नवीन बसवली, त्यात अण्णांनी किती भिंती उभ्या केल्या त्यांनाच ठाऊक. आरपार दगड कुठे घालायचा, पट्टी कुठे फिरवायची, हे त्यांनी चाळिशीत नव्याने शिकून घेतलं.

तेच अण्णा रॉसच्या भिंतींपुढे उभे होते. छपरं गेलेली आहेत, भिंती आहेत. भिंतींवर वडा-पिंपळाच्या जातीची झाडं चढली आहेत आणि त्यांची मुळं विटांवर अशी पसरलीत की मूळ कुठलं आणि भिंत कुठली ते कळत नाही. आमच्याकडे गवंड्याचा नियमच आहे, भिंतीत पिंपळ दिसला की उपटायचा, नाहीतर घर गेलं समजा. अण्णा एका खोलीच्या कोपऱ्यात गेले, मूळ हाताने चाचपलं, वीट दाबून बघितली. म्हणाले, “ह्यो झाड काढलं तर भिंत पडंल. आता त्येनंच धरलीय.” मग कोपऱ्याला हाताचा काटकोन लावला. “गुण्यात हाय. ऐंशी वर्सं छप्पर न्हाई, आन् कोपरा गुण्यात हाय.” गाईड म्हणाला, सगळं कैद्यांनी बांधलंय. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “आला तवा गवंडी नसंल गं त्यो. हितं शिकला असंल.”

आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. सव्वा तास संपला होता. आम्ही अजून चढावरच्या चर्चपर्यंतही गेलो नव्हतो.

म्हणून माझं सांगणं असं. रॉससाठी वेगळी बोट घ्या. त्याच अबर्डीन जेट्टीवरून फक्त रॉसला जाणाऱ्या बोटी मिळतात, समुद्र शांत असेल तर जेमतेम दहा मिनिटांचं अंतर. सकाळी पहिल्या बोटीने जा. ऊन कमी असतं, गर्दी नसते आणि वाटेवर हरणं निवांत फिरताना दिसतात. इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलेल्या चितळांची ही पिलावळ, आता हातातून नारळाचं खोबरं खातात. (खायला घालू नका असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या पोटात चिप्स जाताना मी पाहिल्या.) चढ जमत नसेल तर बॅटरीची गाडी आहे. आम्ही वर जाताना ती घेतली आणि उतरताना चालत आलो. रॉस बुधवारी बंद असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमची सफर मंगळवारी झाली, दुसऱ्या दिवशी जायला निघालो तर जेट्टीवर कळलं. गुरुवारचा समुद्रकिनारा रद्द केला आणि तेव्हा गेलो. आणखी एक, तिथे सूर्य आपल्यापेक्षा फार लवकर मावळतो, साडेपाचच्या आसपास अंधारून येतं. दुपारनंतरचं काहीच मोठं ठरवू नका.

नॉर्थ बे वगळायचं का? लहान मुलं असतील आणि पाण्यातला एखादा खेळ करायचा असेल तर जा, दीड तास भरपूर झाला. पोहता येत असेल तर स्नॉर्केलिंग काचेच्या बोटीपेक्षा चांगलं, असं आमच्या बोटीतल्या परभणीच्या दोन पोरांनी सांगितलं. नुसतं बघायला जाणाऱ्याने ते पैसे आणि तो वेळ रॉसवर घालवावा.

गुरुवारी आम्ही चार तास रॉसवर होतो. चर्च पाहिलं. वाटेवर जपान्यांचे बंकर आहेत, तेही पाहिले. बेकरीच्या पडक्या खोलीपाशी आल्यावर अण्णा म्हणाले, तुम्ही फिरून या, मी हितंच बसतो. आम्ही पलीकडच्या दीपस्तंभाच्या बाजूला जाऊन आलो तेव्हा ते उकिडवे बसून दोन विटांमधल्या दर्जेवर बोट फिरवत होते. चुना बोटाला लागतो का बघत होते. लागत नव्हता. मिस्टरांकडून फोन मागून घेऊन त्यांनी त्या कोपऱ्याचे सात फोटो काढले. समुद्राचा एकही काढला नाही. औशाला आल्यावर ते फोटो त्यांनी आपल्या हाताखाली शिकलेल्या दोन गवंड्यांना घरी बोलावून दाखवले.