पुणे ते कन्याकुमारी सायकलने ग्रुपने जाताय? श्वाल्बे मॅरेथॉन टायरबद्दल, सगळ्यात शेवटी चालवणाऱ्या बाईकडून

आमच्या ग्रुपमध्ये माझी जागा ठरलेली आहे, सगळ्यात शेवटी. हत्यारांची पिशवी माझ्या कॅरियरवर असते. पुढे कुणाचं काही बिघडलं की मी मागून येऊन त्याला गाठते, आणि माझ्या मागे कुणी राहायचं नाही हा आमचा नियम. पुणे ते कन्याकुमारी हा साधारण साडेपंधराशे किलोमीटरचा रस्ता मी असाच, सगळ्यांच्या पाठी बघत केला. त्यामुळे टायर चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: त्याने ग्रुपला किती वेळा थांबवलं.

निघण्याआधी मी माझ्या हायब्रिड सायकलला श्वाल्बे मॅरेथॉन बसवून घेतले, ७०० बाय ३५ मापाचे, पंक्चर अडवणाऱ्या ग्रीनगार्ड थराचे. आणखी काहींनी तेच घेतले, बाकीचे सायकलसोबत आलेल्या टायरवर निघाले. माझ्या दोन्ही चाकांत घरून भरलेल्या ट्यूब कन्याकुमारीपर्यंत तशाच राहिल्या. अधूनमधून हवा मारली, बस्स. आणि माझे हात रोज काळे होत होते ते इतरांच्या चाकांनी.

हायवेवर पंक्चर कशाने होतं हे शहरात सायकल चालवून कळत नाही. खिळे आणि काचा असतातच, पण खरा त्रास ट्रकच्या रेडियल टायरचा. असा टायर फुटला की त्याचे तुकडे कडेला पडतात, उन्हात रबर झिजून जातं आणि आतल्या पोलादी तारा मोकळ्या होतात. केसाएवढी बारीक, पेराएवढीही लांब नसलेली तार. आपण सायकलवाले नेमके पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, जिथे हा सगळा कचरा साठतो तिथूनच चालवणार. निपाणी सोडून तवंदी घाट चढलो की पुढे संकेश्वर, बेळगाव, धारवाड, हावेरी, दावणगेरे, पार चित्रदुर्गापर्यंत ह्याच तारा. हवा एकदम जात नाही, हळूहळू जाते. माणूस पाच किलोमीटर जड पायांनी चालवतो, त्याला वाटतं आपण दमलोय, आणि मागून मला त्याचा रिम रस्त्याला टेकलेला दिसतो.

तार शोधण्यातच सगळा वेळ जातो. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, धागे जिथे अडकतील तिथे तार. नेलकटरने ओढून काढायची. ती न काढता नवी ट्यूब घातली तर दोन-चार किलोमीटरवर पुन्हा खाली बसायचं. एवढ्यात पुढचे लोक दावणगेरेत बेण्णे दोसा खाऊन, पाय गार पडून, आमची वाट बघत बसलेले असतात. सकाळच्या गारव्यातला तास गेला की तो दुपारी दीडच्या उन्हात भरून काढावा लागतो, आणि तो सगळ्यांनाच काढावा लागतो, पंक्चर झालेल्याला एकट्याला नाही. म्हणून ग्रुपने जाताना टायर ही ज्याची त्याची खासगी बाब आहे असं मला वाटत नाही. एकट्याने जाणाऱ्याने हवा तो टायर लावावा.

मॅरेथॉनमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली ३ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो, तोच ग्रीनगार्ड. बारीक तार आणि काच त्यातच अडकून राहते, ट्यूबपर्यंत पोचत नाही. पण अडकलेली वस्तू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत सरकते, हे विसरू नका. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर, अंघोळीच्या आधी, मी दोन्ही टायर हळूहळू फिरवून बघायचे आणि रुतलेले कण सुईने उकरून काढायचे. पाच मिनिटांचं काम. महागडा टायर घेऊन हे न करणाऱ्यांनी अर्धे पैसे वाया घालवले असं मी म्हणेन. शिवाय लांब खिळ्यापुढे ३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तेव्हा जादा ट्यूब, पॅच आणि सोल्युशन प्रत्येकाने जवळ ठेवायचंच.

तमिळनाडूत शत्रू बदलतो. तोप्पूरचा घाट उतरून सेलम, मग नामक्कल, करूर, दिंडिगल, मदुराई. मदुराईच्या पुढे विरुदुनगर, सात्तूर, कोविलपट्टी हा सगळा काळ्या मातीचा कोरडा भाग, आणि दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. तिच्या फांद्या तोडून नेताना काटे कडेला पडतात. आमच्यातले एक काका तिथे रोज सकाळी मला हाक मारायचे, "ताई, आज पुन्हा माझीच पाळी!" त्यांचा टायर पातळ आणि मधोमध झिजून सपाट झालेला. तिरुनेलवेलीत त्यांनी तो बदलला, तेव्हा कुठे मला जरा पुढे बघत सायकल चालवता आली.

आता वजनाचं. एक टायर पाऊण किलोच्या आसपास भरतो. खंबाटकीच्या चढाला ते पायांना कळतं आणि प्रत्येक सिग्नलवरून निघताना कळतं. सपाटीवर एकदा लय लागली की कळत नाही. ज्यांना रोड बाइकच्या बारीक टायरची सवय आहे त्यांना पहिले दोन दिवस सायकल आळशी वाटेल. मॅरेथॉन प्लस हा ह्याचा थोरला भाऊ, त्यात ५ मिलिमीटरचा थर, आणि तो आणखी जड. सामान टेम्पोत असेल तर साधा मॅरेथॉन पुरतो. सगळं सामान सायकलवर लादून, मेकॅनिकशिवाय निघणार असाल तर प्लसचा विचार करा.

कडेने फिरणारी चमकती पट्टी मला फार आवडली. आम्ही उजाडायच्या आधी निघायचो. ती पट्टी मागून येणाऱ्याला दिसत नाही, त्यासाठी लाल दिवा लागतोच; पण सर्व्हिस रोडवरून आडव्या येणाऱ्या गाडीच्या उजेडात दोन गोल चाकं लख्ख दिसतात. उड्डाणपुलाखालच्या चौकांत ती माझ्या मैत्रिणीच्या सायकलला नसती तर मला धास्ती वाटली असती.

किंमत जास्त आहे. जोडीच्या पैशांत घरातल्या शाळकरी पोराला साधी सायकल येईल. फक्त रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्यांना मी हा टायर सांगणार नाही. पण हजार किलोमीटरच्या पुढे, आणि तेही दहा माणसांबरोबर जायचं असेल, तर जर्सी आणि चष्म्यावरचा खर्च कमी करून आधी हे घ्या. आणि निघण्याच्या आदल्या रात्री बसवू नका. निदान दोनशे किलोमीटर आधी चालवा, म्हणजे टायर नीट बसलाय की नाही ते घराजवळच कळेल. बाजूवर बाण असतो, फिरण्याची दिशा त्याप्रमाणे ठेवा.

घेताना ७०० बाय ३५ एवढ्यावर थांबू नका, टायरवर ३७-६२२ हा आकडा (रुंदी आणि रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) छापलेला असतो तो बघा आणि आपल्या फ्रेममध्ये, मडगार्डखाली तेवढी जागा आहे ना ते मोजा. ट्यूब त्याच मापाची. रिमला व्हॉल्व्हसाठीचं भोक मोठं असेल तर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्या, तिच्यात रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मारून मिळते. पातळ व्हॉल्व्ह असेल तर त्यातही पंक्चरवाल्याकडे हवा मारता यावी म्हणून पितळी अडॅप्टर दोन घ्या, एक व्हॉल्व्हलाच लावून ठेवा आणि दुसरं सगळ्यात मागच्या माणसाकडे द्या.