दुबईला निघालात? जेवणाचं अ‍ॅप कुठलं ठेवाल, आणि कधी ठेवूच नये

पुतण्याचा दुबईचा व्हिसा आला आणि बॅग भरायच्या आधी त्याने पडवीत बसून चार अ‍ॅप उतरवून घेतली: तलबात, डिलिव्हरू, करीम आणि नून. "काका, यातलं ठेवू कुठलं?" मी नऊ वर्षं तिकडे बेडस्पेसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, काढून रत्नागिरीला परत आलोय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे.

खरं तर आधी बघायचं ते अ‍ॅप नाही, पैसे कसे देणार ते. तिकडचं बँक खातं उघडायला एमिरेट्स आयडी, म्हणजे तिकडचं सरकारी ओळखपत्र, लागतो आणि तो हातात येईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. तोवर भिस्त इकडच्या कार्डावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते आपण स्वतः चालू करायचे. बरं, ते केलं तरी ओटीपी येणार भारतातल्या सिमवर. एकदा रात्री साडेअकराला मी बिर्याणी निवडून बसलो आणि ओटीपीची वाट बघतोय बघतोय, मग आठवलं की घरच्या सिमचा रिचार्ज संपलाय. त्या रात्री खबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि दही. यूपीआय तिकडे काही दुकानांत चालतं, पण पोटाची सोय त्याच्या जीवावर करू नका.

म्हणून पहिल्या महिन्यापुरतं माझं मत सरळ तलबातला. दारात रोख देता येते. ही कंपनी २००४ मध्ये कुवेतमध्ये सुरू झाली, त्यामुळे आखातात तिचा पसारा जुना, आणि करामा, देरा या दुबईतल्या वस्त्यांमधली लहान मल्याळी हॉटेलंसुद्धा तिच्यावर सापडतात. झोमॅटोचा यूएईमधला डिलिव्हरीचा धंदाही २०१९ मध्ये तिनेच घेतला. तेव्हा इकडचं झोमॅटो तिकडे उघडून बसू नका, त्यावर जेवण येत नाही.

डिलिव्हरू मूळची लंडनची. मला तिच्यावर मोठी, जरा महागडी हॉटेलं जास्त दिसली. पगार झालेल्या आठवड्याला ठीक. करीममध्ये टॅक्सी, जेवण, किराणा सगळं एकाच ठिकाणी, म्हणून रोज टॅक्सीने हिंडणाऱ्याने तिच्या मासिक वर्गणीचा हिशोब करून बघावा. बेडस्पेसवाल्याने त्यात पडू नये. नून मुळात खरेदीचं अ‍ॅप, जेवण त्यात नंतर आलं. सवलत असेल तेव्हा उघडावं, एवढंच.

सवलतीवरून अ‍ॅप मात्र निवडू नका. "पन्नास टक्के सूट" वाचून पोरं हुरळतात. खाली बारीक अक्षरात कमाल सूट किती दिरहम ते लिहिलेलं असतं. वर डिलिव्हरीचे पैसे, सेवाशुल्क, ऑर्डर लहान असली तर त्याचे आणखी. एकच थाळी दोन अ‍ॅपवर टाका, शेवटच्या पानावरचा आकडा बघा, आणि खाली उतरून हॉटेलच्या पाटीवरचा भावही वाचून या. कित्येकदा पाटीवरचा भावच कमी निघतो. आणि हो, दिरहमचे रुपये करणं पहिल्या आठवड्यातच सोडा, नाहीतर पराठा घशाखाली उतरणार नाही.

पत्त्याचं एक सांगतो. तिकडे पोस्टमन सहसा घरी येत नाही, त्यामुळे आपल्यासारखा पत्ता कुणाच्या तोंडात नसतो. इमारतीच्या दाराशी मकानी पाटी असते, म्हणजे त्या इमारतीचा दहा आकड्यांचा सरकारी नंबर. तो नंबर अ‍ॅपमध्ये एकदा लिहून ठेवला की पिन शेजारच्या इमारतीवर पडली तरी रायडर वाट काढतो. त्याच्याशी हिंदीत बिनधास्त बोला.

आता मासळी. इथे कोकणातला माणूस हमखास फसतो, कारण मेनू मल्याळीत. अयला म्हणजे आपला बांगडा, मत्ती म्हणजे तारली, चेम्मीन म्हणजे कोळंबी. नेय्मीन किंवा किंगफिश दिसली की समजा सुरमई. हम्मूर हा गोबऱ्याच्या जातीतला, काट्यांचा त्रास कमी. आमटी, कालवण खुशाल मागवा. तळलेलं मागवू नका. मी सुरमई फ्राय मागवली होती. झाकण काढलं तर आतून घाम गळतोय, रव्याचं कवच तुकडीपासून सुटून डब्याच्या तळाशी चिखल होऊन बसलेलं. बिचाऱ्या मासळीचा काही दोष नव्हता. तळलेलं खायचं तर हॉटेलात जाऊन तव्यावरून पानात.

शावरम्यावर नुसतं "मीट" लिहिलं असेल तर कशाचं ते विचारून घ्या, बहुतेकदा ते बीफ असतं. पिझ्झ्यावरच्या पेपरोनीचंही तेच. ज्याला चालतं त्याचा प्रश्न नाही, ज्याला चालत नाही त्याने आधी विचारावं. रमजानात इफ्तारच्या आसपास ऑर्डर टाकू नका, त्या अर्ध्या तासात सगळं शहर जेवायला बसतं. तासभर आधी तरी मागवा, नाहीतर चक्क थांबा.

आणि रोजचं जेवण अ‍ॅपवर? माझ्या मते नाही. आठवड्यातून दोनदा अ‍ॅप, बाकी मेसचा डबा. अ‍ॅपवर निवड भरपूर, पण दर वेळी डिलिव्हरीचे पैसे वेगळे आणि तेल सढळ. मेसमध्ये निवड शून्य, भात-आमटी-भाजी मुकाट गिळायची, पण महिन्याचा आकडा आधीच ठरलेला आणि डबा वेळेवर. महिन्याचे पैसे देण्याआधी तीन दिवस चालवून बघा, आमटीत खोबरं पडतं की नुसतं पाणी ते तिसऱ्या दिवशी कळतंच. मेसवाल्याला साधा फोन लागतो ना, तेवढं विचारून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल तिकडे चालत नाही, आणि डबा आला नाही तर रात्री नऊला मेसेजच्या उत्तराची वाट बघत उपाशी बसावं लागतं.