लिमिटर सुधारायचाय: एलडीआर ठेवावा की एफईटी लावावा?

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागतो. त्याआधी घरी जोडलेला लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेवर गेला की दाबणारं सर्किट, उघडून बसायचं, तर नेमकं काय बदलावं? माझा एलईडी-एलडीआरचा आहे; एलडीआर म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर. आवाज चढला की एलईडी पेटतो, समोरच्या एलडीआरचा रेझिस्टन्स उतरतो आणि जास्तीचा सिग्नल ग्राउंडला जातो.

गेल्या हंगामात त्याने दोनदा दगा दिला. खलनायक टांगत्या माईकखाली येऊन गरजला, तो पहिला दणका तसाच पोंग्यात गेला आणि युनिटचा डायफ्राम फाटला. दुसऱ्या गावी आरोळीनंतरचं नायिकेचं हळू वाक्य दबूनच राहिलं. मंडपातून हाक आली, "भाऊ, आवाज काहून मेला?"

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे डायोड. १एन४१४८ चे उलटसुलट जोडले की ०.६-०.७ व्होल्टच्या वरचं शिखर कापलं जातं, तेही लगेच. पण नुसत्या डायोडवर भिस्त ठेवू नका. कापून चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट पॉवर असते. कॉइल जळते ती अशीच.

एफईटी म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजने रेझिस्टन्स बदलणारा ट्रान्झिस्टर. त्याचा गुण म्हणजे वेग. १९६० च्या दशकातली दोन नावाजलेली यंत्रं बघा: प्रकाशावर चालणाऱ्या एलए-२ए ला आवाज दाबायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, एफईटीचं ११७६ ते काम २० मायक्रोसेकंदांतही करतं. मात्र घरी जोडताना एफईटी घाम काढतो. २एन५४५७ या एफईटीच्या डेटाशीटमध्येच पिंच-ऑफ (गेटला ज्या व्होल्टेजवर तो पूर्ण बंद होतो) ०.५ ते ६ व्होल्ट दिलाय, म्हणजे नागपूरच्या बर्डीवरून दहा नग आणा, मोजा, एखाददुसरा जुळेल. शिवाय फाटका आवाज नको असेल तर एफईटीवर सिग्नल काही दहा मिलिव्होल्टच ठेवावा लागतो, पुढे टीएल०७२ या अँप्लिफायर आयसीने पुन्हा वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर मागची खरखरही वाढते. ड्रेनचा (सिग्नल लावलेल्या पायाचा) अर्धा सिग्नल गेटला दिला तर फाटकेपणा बराच कमी होतो, पण जुळवणी सुटत नाही.

ऑक्टोपॅड आणि डीजेचं काम जास्त असेल, तर हा खटाटोप करा. संवाद, भजन, कीर्तन असेल तर मी एलडीआरच ठेवीन. त्याचं दाबणं कानाला टोचत नाही.

बदल फक्त दोन. माझ्या सर्किटमध्ये १० मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरला २२० किलोओहमचा रेझिस्टर होता, म्हणजे दाबलेला आवाज सुटायला २.२ सेकंद. तिथे २.२ मायक्रोफॅराड लावला, की वेळ अर्ध्या सेकंदावर येतो. याहून कमी करू नका, डग्ग्याच्या प्रत्येक थापेला संवाद खालीवर होतो. दुसरा बदल म्हणजे आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे प्रत्येक दिशेला दोन-दोन डायोड, सुमारे १.२ व्होल्टवर. लिमिटरची मर्यादा ०.५ व्होल्टच्या आसपास ठेवली, की एलडीआर जागा होईपर्यंतचे काही मिलिसेकंद तेवढे डायोड सांभाळतात. तेवढं कापलेलं कुणाला कळत नाही.

एलईडी-एलडीआरची जोडी काळ्या हीटश्रिंक नळीत घालून दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद करा. माझ्या डब्याचं झाकण एकदा उघडं राहिलं, तर मंडपातल्या हॅलोजननेच आवाज दाबला होता! आणि प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) जुळला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. गाडीत रात्रभर हादरे बसतात, आणि आपल्याच पोरांचा हात स्क्रूड्रायव्हरवर जातोच.