सायकलसोबत कुत्रा पळवायचा, पण बाजूला का पुढे?
घरात कारवानी नाहीतर लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा असेल तर नुसतं गल्लीत फिरवून भागत नाही, त्याला पळायलाच लागतं. बाजूला पळवायचं तर सीटखालच्या दांड्याला स्प्रिंगवाला आर्म बसवायचा आणि त्याला कुत्र्याचा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा साज, अडकवायचा, पट्टा हँडलला गुंडाळायचा नाही म्हणजे नाही, मांजर दिसलं की सायकलसकट आडवे व्हाल. कुत्रा डावीकडेच ठेवा म्हणजे गाड्यांपासून लांब राहतो, आणि वेग तुमच्या हातात असल्याने त्याला दुडक्या चालीवर ठेवता येतं.

पुढे पळवणं म्हणजे बाईकजोरिंग, त्यात कुत्रा सायकल ओढतो, म्हणून ओढायचा वेगळा हार्नेस आणि ताणणारी बंजी दोरी पाहिजे, शिवाय डावं-उजवं-थांब हे आधी चालताना पक्कं झालेलं पाहिजे. मजा ह्यातच जास्त, दोरी ताणली की तो कान मागे टाकून जीव लावून ओढतो बघा! पण आमच्या सोलापूरच्या विजापूर रोड, होटगी रोडच्या ट्रॅफिकमधे नकोच, त्याला गावाबाहेरची मातीची वाटच हवी. त्यामुळे सोलापुरात रोजच्यासाठी माझं मत बाजूलाच.

हाडं पूर्ण वाढेपर्यंत, साधारण दीड वर्षापर्यंत, दोन्ही नको. एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर जातो तेव्हा उजाडताच निघा, डांबरावर तळहाताची मागची बाजू ७ सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर सरळ घरी फिरा.