शटरच्या चॅनलला ग्रीस की सिलिकॉन स्प्रे?

पावसाळा सरला की आमच्या गॅरेजचं शटर करकरायला लागतं. इतकी वर्षं मी ग्रीसचा डबा काढायचो आणि दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये बोटाने फासायचो. आठवडाभर शटर लोण्यासारखं सरकायचं. मग रस्त्यावरची धूळ त्यात बसून काळा, कचकचीत लगदा व्हायचा आणि शटर आधीपेक्षा जड.

सिलिकॉन स्प्रे महाग पडतो, पण पातळ, कोरडा थर सोडतो. धूळ फारशी धरत नाही. आधी चॅनल फडक्याने नीट पुसून घ्या, नाहीतर पैसे वाया. टिकतो मात्र कमी, अधूनमधून पुन्हा मारावा लागतो.

ग्रीस अगदीच बाद नाही. वरच्या बेअरिंगला तेच बरं. पण ते काम शटरवाल्याचं, कारण शेजारीच शटरचं वजन तोलणारी स्प्रिंग असते आणि शटर बंद असताना ती सर्वांत जास्त ताणलेली असते. शटर मोटरवर चालणारं असेल, तर स्प्रे मारताना मोटरचा मेन स्विच बंद ठेवा. अर्ध्यावर सोडलेलं हाताचं शटर धाडकन खाली येत असेल, तर दोष बहुधा स्प्रिंगचा. तिथे ग्रीसही नको, स्प्रेही नको.